एक नाव जास्त

फार जुनी गोष्ट. वाळवंटाच्या कडेला एक अभ्यासक राहत होता. पैगंबरांची वचने गोळा करणे हे त्याचे काम. नुसते वचन लिहून भागत नसे. ते कुणी कुणाकडून ऐकले, ती सगळी नावे आधी लिहावी लागत.

एक वचन त्याला लहानपणापासून पाठ होते. पण ते सहा जणांच्या तोंडून फिरून आले होते. दूरच्या शहरातल्या एका वृद्ध गुरुजींकडून ऐकले, तर मध्ये तीनच नावे उरणार होती. तीन नावे, आणि पलीकडे साक्षात पैगंबर! या विचाराने त्याचा जीव कासावीस होई.

शेवटी तो निघाला. वाटेत आणखी एक अभ्यासक भेटला, त्याच वचनासाठी निघालेला. दोघे महिनाभर चालले. टाचा फुटल्या.

दारात गुरुजींची मुलगी रुकय्या उभी होती. "उशीर केलात, भाईसाहेब. अब्बांना परवाच माती दिली."

अभ्यासक उंबऱ्यावरच मटकन बसला.

"ते वचन मी अब्बांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय," असे म्हणून तिने ते म्हणून दाखवले. शब्द न् शब्द तोच होता.

बाहेर पडताच सोबत्याने दौत उघडली. "मी तर गुरुजींकडून ऐकलं असंच लिहिणार."

"पण ऐकलं कुठे?"

"दोन दिवसांनी काय बिघडतं? महिनाभर पाय झिजवलेस ते या बाईचं नाव लिहायला?"

ते एक नाव गाळले की अभ्यासकाची जन्मभराची ओढ पुरी होणार होती. त्याने लेखणी बुडवली आणि लिहिले, 'मी रुकय्याकडून ऐकले. तिने वडिलांकडून ऐकले.' आसवे कागदावर पडू नयेत म्हणून त्याने मान वळवली.

वर्षे गेली. जाणकारांनी गुरुजींच्या मृत्यूचा दिवस आणि सोबती शहरात पोचल्याचा दिवस ताडून पाहिला. लबाडी उघडी पडली. त्याचे ते एकच नव्हे, सगळीच वचने बाद झाली. त्याच्याकडे शिकायला कुणी फिरकेना.

अभ्यासकाच्या अंगणात मात्र बसायला जागा पुरेना. एकदा एका शिष्याने विचारले, "गुरुजी, एक नाव जास्तच राहिलं. वाईट वाटतं?"

"रोज वाटतं," तो म्हणाला. "पण ज्यांच्या जवळ जायचं, त्यांच्याकडे खोटं बोलत कसं जाऊ?"

तात्पर्य: जिथे पोचायची ओढ खरी असते, तिथे नेणारी वाट खोटी चालत नाही.