किणीकरबाईंचा आकडा

शहराबाहेर एका टेकडीवर हवेचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तिथे वत्सला किणीकर नावाच्या एक शास्त्रज्ञ बाई होत्या. धुरातला एक विषारी वायू हवेत किती वेगाने नाहीसा होतो, हे त्यांनी तरुणपणी काचेच्या चंबूत मोजलं होतं. तो आकडा जगभर गेला.

आता या शास्त्रज्ञ लोकांच्या बाजारात काय चालतं, तेही सांगतो. दुकानात नवं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "अमक्यांनी नाव सांगितलं म्हणून आलो." शास्त्रज्ञांचंही तसंच. दुसऱ्याचा आकडा वापरला, की आपल्या लेखाच्या शेवटी त्याचं नाव लिहायचं. याला म्हणतात संदर्भ. ज्याचे संदर्भ जास्त, त्याचा दबदबा मोठा. किणीकरबाईंचा दबदबा असा, की कुठल्याही देशातल्या धुराचं गणित मांडा, शेवटी त्यांचं नाव यायचंच.

त्या वर्षी देशातलं मानाचं सुवर्णपदक त्यांनाच मिळणार अशी चर्चा होती. बाईंनाही ते मनापासून हवं होतं. यजमान अच्युतरावांनी तर दिवाणखान्यातल्या काचकपाटातला पितळी हत्ती उचलून माळ्यावर टाकला.

"अहो, जाहीर तरी होऊ द्या."

"होतंय गं. आयत्या वेळी जागा कुठून आणायची?"

तेवढ्यात एका शोधपत्रिकेच्या संपादकांनी बाईंकडे एक लेख तपासायला पाठवला. या धंद्यातली रीत अशी, की छापण्याआधी लेख त्याच विषयातल्या जाणकाराला दाखवतात, आणि तपासणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्याला कळू देत नाहीत. लेख होता इरफान मुजावर नावाच्या तरुण प्राध्यापकाचा. त्याने बाईंचंच मोजमाप पुन्हा केलं होतं, पण चंबूऐवजी खोलीएवढ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्याचा वेग बाईंच्या वेगाच्या जेमतेम निम्मा भरला. असं का, ते मात्र त्याला सांगता आलं नव्हतं.

अच्युतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "मग नापास कर. कारण दिलेलं नाही, म्हणजे लेख कच्चाच. यात तू खोटं काही बोलत नाहीस."

"नाही."

"आणि कुणी तपासला, हे कुणाला कळणारही नाही."

"तेही खरं."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"तो बरोबर असला तर? माझ्या आकड्याच्या भरवशावर लोक समजतायत, की धूर लवकर विरतो. त्या हिशेबाने कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहतायत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपला जुना चंबू काढला. त्यात काचनळीचे तुकडे भरले आणि मोजमाप पुन्हा केलं. वायू हवेतल्या हवेत नाहीसा होत असेल, तर तुकड्यांनी काही फरक पडायला नको होता. पण वेग वाढला. आणखी तुकडे घातले, आणखी वाढला. बाई स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं हवेचा म्हणून सांगितलेला निम्मा वेग काचेचा होता. चंबूची भिंतच वायू खात होती. मुजावरच्या पिशवीत भिंती लांब, म्हणून त्याचा आकडा खरा.

संपादकांना त्यांनी कळवलं, "लेख जरूर छापा. फरकाचं कारण सोबत जोडलं आहे. चूक माझी आहे." आणि रीत मोडून खाली पूर्ण नाव लिहिलं.

मुजावरचा फोन आला. "मॅडम, तपासणाऱ्याचं नाव मी पहिल्यांदाच पाहतोय. निम्मं काम तुमचं आहे. लेखक म्हणून तुमचंही नाव घालतो."

"लेखक तुम्हीच. माझं नाव घाला, पण चूक कुणाची ते लिहाल तिथे. आणि आद्याक्षरांसकट घाला हो. किणीकर पुष्कळ आहेत, उगाच दुसऱ्याला बोल लागायचा."

पदक दुसऱ्याला गेलं. अच्युतरावांनी धुसफुसत पितळी हत्ती माळ्यावरून काढून पुन्हा काचकपाटात ठेवला. सगळीकडे मुजावरचा आकडा चालू लागला, आणि बाईंच्या जुन्या लेखाचे संदर्भ आटले. चिमण्यांची गणितंही नव्याने मांडावी लागली.

पुढच्या हिवाळ्यात राजधानीत मोठी परिषद भरली. बाईंबरोबर अच्युतरावही गेले, आणि मागच्या रांगेत बसले. तिथे दोन नामवंत गटांची एका वेगळ्याच वायूवरून जुंपली. हे म्हणत आमचा आकडा खरा, ते म्हणत आमचा. आवाज चढले. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

"पुरे! दोघेही आपापली यंत्रं घेऊन किणीकरबाईंकडे जा. त्या सांगतील तो आकडा."

"पण त्या भीड धरणार नाहीत कशावरून?" एका गटातला कुणीतरी म्हणाला.

"अहो, ज्या बाईने स्वतःचा आकडा राखला नाही, ती तुमचा कशाला राखेल?"

सभागृहात हशा पिकला, मग टाळ्या. दोन्ही गट कबूल झाले. टाळ्या थांबेनात तेव्हा अच्युतरावांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना कोपराने ढोसलं.

"त्या पुढे निळ्या शालीत बसल्यात ना, त्या आमच्या!"

तात्पर्य: आपलं नाव खाली उतरत असतानाही जो खरं तेच सांगतो, त्याच्या शब्दावर चार शहाणे आपला निवाडा सोपवतात.