अळीनं खाल्लेला पालक

"मग मारायचं तरी कशानं, भन्तेजी?"

यादवराव मेश्राम उभ्यानंच विचारत होते. हातात पालकाचं एक पान. त्याची पार चाळण झालेली.

भन्ते धम्मसार विहारामागच्या वाफ्यात उकिडवे बसून तण उपटत होते. उपटलेलं तण फेकत नव्हते. तिथंच मुळ्याच्या रोपांच्या बुडाशी पसरत होते.

"बसा ना, सुभेदार."

यादवराव बसले नाहीत.

फौजेतून निवृत्त होऊन ते गावी आले, तेव्हा परसात विषाशिवाय भाजी पिकवायचं त्यांच्या मनानं घेतलं. पाऊस सरताना ते असेच इथं येऊन उभे राहिले होते. "नियम सांगा," म्हणाले होते.

"पाचोळ्याचं काय करता?" भन्तेंनी विचारलं होतं.

"रोज झाडतो. जाळतो."

"जाळू नका. वाफ्यावर अंथरा. मातीला उघडं ठेवू नये."

"आणि?"

"घरातली सालं, देठं, शेण, सुका पाला एका खड्ड्यात टाका. कुजू द्या. घाई नको."

"आणि?"

"बोट खुपसून बघा. आत ओल लागली तर पाणी देऊ नका."

"आणि?"

"थोडंच लावा. रोज जाऊन बघा."

"एवढंच?"

"एवढंच."

सुभेदारांना ते फारच कमी वाटलं. त्यांनी मेथीला दोन्ही वेळा पाणी घातलं. मेथी कुजली. मग मात्र मुकाट्यानं बोट खुपसायला लागले. पालक उगवला. तो हिरवागार वाफा बघायला ते दिवसातून कितीदा परसात जात, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि आता ही अळी.

"बाजारातून औषधाची बाटली आणलीय," यादवराव म्हणाले. "तुम्ही हो म्हणा, आत्ता फवारतो."

भन्ते तण उपटत राहिले.

"रविवारी पोरगी येतेय, भन्तेजी."

भन्तेंचे हात थांबले.

मेश्रामांच्या सुजाताचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिनं मनाजोगं लग्न केलं आणि बापानं तिला दारातूनच हाकलून लावलं. त्यानंतर ती आली ती आईच्या मातीला. पाणीसुद्धा न पिता गेली. आता तिचा स्वतःहून फोन आला होता. दिवस गेले होते तिला.

"तिला पालकाची भाजी आवडायची," यादवराव म्हणाले. "वाटलं, आपल्या हातचं खाऊ घालावं. एक पान धड नाही हो... तिच्यापुढं हे ठेवू?"

भन्ते उठले. सुभेदारांच्या हातातलं पान घेतलं. माठातलं पाणी ओतून दोन्ही बाजूंनी नीट धुतलं. मधोमध फाडलं. अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं, अर्धं पुढं केलं.

यादवरावांनी पानाकडे पाहिलं. मग भन्तेंकडे.

खाल्लं.

"कसं आहे?"

"...गोड आहे."

"अळीला तुमच्या आधी कळलं."

यादवराव हसले नाहीत. पण बसले. वाफ्याच्या कडेला, मातीतच.

"फवारलं तर अळी मरेल," भन्ते म्हणाले. "रविवारपर्यंत नवं पान दिसायलाही छान निघेल."

"हं."

"पोटुशीला वाढाल?"

यादवरावांनी मान खाली घातली. 

"बाटली आजच दुकानात परत देतो," ते म्हणाले. "पण मग करू काय?"

"सकाळी ऊन चढायच्या आत जा. पानं उलटी करून बघा. अळी पानाच्या पाठीशी असते. हातानं वेचा, लांब गवतात नेऊन सोडा. वाफ्यात काटक्या रोवा, पाखरं येऊन बसतील."

"तरी थोडं खाईलच ती."

"खाईल."

"थोडं तिचं, थोडं आपलं... असं?"

भन्ते पुन्हा तण उपटायला बसले. यादवरावांनीही हात घातला. पहिलंच तण म्हणून मुळ्याचं रोप उपटलं. भन्तेंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा रोवलं, बुडाशी माती दाबली. 

ऊन कलायला लागलं तसे सुभेदार उठले. हात झटकले. दोन पावलं गेले आणि थबकले.

"भन्तेजी... ती स्वतः भाजी निवडायला बसेल. तिची सवय आहे ती. पानं बघून विचारेल, बाबा, हे असं कसं? काय सांगू?"

भन्तेंनी मान वर केली नाही.

"सांगा, तुझ्या आधी एक जण येऊन जेवून गेलं... आणि या खेपेला मी कुणाला हाकललं नाही."