सुगरणीची घंटा आणि सशांची बिळं

फार जुन्या काळी, पशुपक्षी बोलत असत आणि पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅमही लिहीत असत, तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठच्या बाभळीवर एक सुगरण राहायची. तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. नदी चढू लागली की तो घंटा वाजवायचा. त्यासाठी इतरांनी लिहिलेल्या काही लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, त्याला लागत.

खालच्या काठावर सशांची बिळं होती. तिथली एक सशीण आली. म्हणाली, "सुगरणताई, डोंगरावर ढग दाटलेत. आम्हालाही घंटा द्या. पिल्लं अजून डोळे उघडत नाहीत."

सुगरणीने नुसता प्रोग्रॅम दिला. सशिणीने लायब्ऱ्या नव्याने आणल्या. त्यांतली एक मधल्या काळात बदलली होती. घंटा वाजेचना.

"माझ्या झाडावर तर चालतो!" सुगरण म्हणाली.

"मग पूर आला की आम्ही सगळे तुमच्या घरट्यात येऊ का?"

सुगरण ओशाळली. प्रोग्रॅम लायब्ऱ्यांसकट बांधून द्यायला कोणतं अवजार घ्यावं, असं तिने शेजारच्या पाखरांना विचारलं. झालं! साळुंकी म्हणाली, "नवं अवजार घे गं, वाऱ्यासारखं पळतं."

"आली मोठी शहाणी!" कावळा खेकसला. "माझ्या आजोबांपासून जुनंच चालत आलंय."

दिवस कलला तरी वाद मिटेना. मिटेल कसा? भांडणाऱ्यांची घरटी उंचावर होती. बुडणार होती ती बिळं.

शेवटी चिखलातून कासव वर आलं. "लायब्ऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या पक्क्या करून ठेवतं ते कोणतं?"

"दोन्ही," साळुंकी म्हणाली.

"दुसऱ्या प्रोग्रॅमना धक्का न लावता या लायब्ऱ्यांना वेगळी जागा देतं ते?"

"दोन्ही," कावळा पुटपुटला.

"मग घसा कशाला कोरडा करताय? या सशिणीला एका आज्ञेत जे चालवता येईल, ते घ्या."

सशिणीने दोन्ही अवजारं वापरून पाहिली. एक जमलं. सुगरणीने त्यातच सारं बांधून दिलं.

पहाटे नदी चढली. घंटा खणखणली. पाणी बिळांत शिरलं तेव्हा ससे पिल्लांसह टेकडीवर कोवळं गवत खात बसले होते. अवजार नवं होतं की जुनं, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

तात्पर्य: अवजाराची पारख आपल्या घरट्यात नव्हे, दुसऱ्याच्या बिळात करावी.