घंटा प्रतिपक्षाच्या हाती

एकदा एका खाडीकाठच्या महाविद्यालयात राजकारण इतके वाढले, की मुले चहासुद्धा पक्ष बघून पिऊ लागली. गावात बंदर व्हावे म्हणणारे पाण्याच्या टाकीजवळच्या टपरीवर जमत, नको म्हणणारे पिंपळाच्या पारावर. त्यांना नावेही तशीच पडली, टाकीवाले आणि पारावरचे. चुकून कुणी दुसरीकडचा चहा प्यायलाच, तर त्याचे मित्र त्याच्याकडे संशयाने पाहत. चहा मात्र दोन्हीकडे सारखाच पाणचट होता.

या महाविद्यालयाची एक जुनी वादसभा होती. दरवर्षी ती भरे, दोन वक्ते एकाच विषयाच्या दोन बाजू मांडत आणि शेवटी सभागृह मत देई. गेल्या वर्षी मात्र मतदानापर्यंत कुणाला धीरच निघाला नाही. खुर्च्या उडाल्या, ध्वनिक्षेपक फुटला आणि एका प्राध्यापकांचा चष्मा आजतागायत सापडलेला नाही. प्राचार्यांनी यंदा निर्वाणीचे सांगून टाकले, "पुन्हा गोंधळ झाला, तर वादसभा कायमची बंद."

सभेची चिटणीस होती रेवती. कोळीवाड्यातली मुलगी, पारावरच्यांची पहिली वक्त्री, आणि बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी करणारी. सभेवर तिचा जीव होता. घरात बाप्यांच्या बैठकीत जिला बोलू देत नसत, ती या व्यासपीठावर उभे राहून बोलायला शिकली होती. म्हणून ती आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेली. त्यांनी उभा जन्म तर्कशास्त्र शिकवले होते आणि यंदाचे अध्यक्षपद स्वीकारले होते.

"सर, विषय बदलू या का? बंदर सोडून दुसरं काहीही ठेवू."

"ज्यावर भांडण आहे ते सोडून कशावर बोलणार?" आचार्य म्हणाले. "विषय बंदराचाच राहील. तू तयारी कर."

तिने तयारी केली. तयारी म्हणजे काय, तर टाकीवाल्यांना कसे फाडून खायचे, एवढेच तिने घोकले.

सभेच्या दिवशी सभागृह तुडुंब भरले. डावीकडे टाकीवाले, उजवीकडे पारावरचे, मध्ये ओस पडलेली वाट आणि पहिल्या रांगेत प्राचार्य. रेवतीच्या समोर प्रतिपक्षाचा वक्ता होता साईश, डोंगराकडच्या वरच्या वाडीतला. एके काळी दोघे एकाच एसटीने कॉलेजला येत. हल्ली तो आधीची गाडी पकडत असे.

अध्यक्षांच्या मेजावर पितळी घंटा होती. वक्त्याची वेळ संपली की अध्यक्षांनी ती वाजवायची, हा सभेचा शिरस्ता. आचार्यांनी ती उचलली आणि सरळ साईशच्या हातात दिली.

सभागृहात कुजबुज उठली. आचार्य शांतपणे म्हणाले, "आज वक्त्याने आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे. ते चुकीचे मांडले असे प्रतिपक्षाला वाटले, तर त्याने घंटा वाजवायची. तो घंटा खाली ठेवीपर्यंत वक्त्याने स्वतःच्या बाजूचा एक शब्दही काढायचा नाही. प्रथम रेवती बोलेल."

रेवतीचा चेहरा पडला. ती त्यांच्या कानाशी वाकली. "सर, हा मला तोंडच उघडू देणार नाही! सभा इथेच बंद पडेल."

"पडेलही," आचार्य म्हणाले.

गुरूंनीच आपला घात केला, असे तिला वाटले. ती तणतणत व्यासपीठाच्या पुढे आली.

"ज्यांना बंदर हवे आहे, त्यांना पैशाचा मोह—"

घंटा वाजली. टाकीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

"ज्यांना कंत्राटदारांनी—"

पुन्हा घंटा. आता तर तिने नुसता श्वास घेतला तरी साईश घंटा हलवू लागला. एकीकडे हशा, दुसरीकडे आरडाओरडा. मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली. प्राचार्य उठून उभे राहिले.

रेवतीला रडू फुटायचे बाकी होते. जे वाचवायला आपण धडपडलो ते डोळ्यांदेखत चालले आहे, हे तिला कळत होते. घोकलेले भाषण इथे कुचकामी होते. नाइलाजाने, निव्वळ नाइलाजाने, ती साईशकडे वळली.

"बरं, तूच सांग. माझं काय चुकतंय? खरंच विचारते."

साईशने घंटा वाजवायची तयारी केली होती, उत्तराची नव्हती. तो गडबडला. सभागृहही गप्प झाले, कारण हा प्रश्न गेल्या वर्षभरात कुणी कुणाला विचारलाच नव्हता.

"पैशाचं नाही गं ते," तो अडखळत म्हणाला. "आमच्या वाडीत तरणं माणूस उरलेलं नाही. सगळे पोटासाठी बाहेर. आजोबा गेले, तेव्हा खांदा द्यायला खालच्या वाडीतून माणसं बोलवावी लागली. बंदर झालं तर निदान काही पोरं घरी राहतील, एवढंच."

त्याचे आजोबा गेल्याचेही रेवतीला ठाऊक नव्हते. मग ती सभेकडे वळली आणि सावकाश बोलू लागली.

"बंदर मागणाऱ्यांचे म्हणणे असे आहे. खाडी आपलीच आहे, मासाही आपलाच आहे. पण त्या खाडीकाठी राहायला माणूसच उरला नाही, तर ती कुणासाठी राखायची? ज्या गावात पोरगा जन्मतो तोच बाहेर जाण्यासाठी, त्या गावाला काम मागण्याचा हक्क आहे. आणि ते मागणाऱ्याला विकाऊ म्हणणे हा अन्याय आहे."

साईशने घंटा मेजावर ठेवली. "हो. हेच," तो म्हणाला.

पहिली टाळी टाकीवाल्यांच्या बाजूने पडली, आणि ती रेवतीसाठी होती!

त्यानंतर रेवती आपल्या बाजूने जी बोलली, तशी ती आजवर कधीच बोलली नव्हती. तसूभरही माघार तिने घेतली नाही. जाळी, खाडीतले माशांचे प्रजनन, कोळणींचा बाजार, सारे मांडून तिने साईशच्याच दुःखाला उत्तर मागितले, "तुमची पोरं घरी आणायला आमची पोरं बाहेर घालवायची का?" मग घंटा तिच्या हाती आली. "कोळ्यांना बदलच नको असतो," असे साईश म्हणताच तिने ती अशी दणदणीत वाजवली, की तो हसून म्हणाला, "चुकलं, पुन्हा मांडतो."

सभा रंगली. शेवटी प्राचार्यांनाही राहवेना. "तुम्हा मुलांना मुळात नुसता गोंधळच हवा असतो," असे त्यांनी म्हणायला आणि डावी-उजवी दोन्हीकडून एकच गजर व्हायला गाठ पडली, "घंटा! घंटा!" रेवतीने घाबरत घाबरत वाजवली. प्राचार्य थबकले, मग खळखळून हसले. "बरे. मुलांचे म्हणणे असे आहे, की ही सभा चालू राहावी. बरोबर?" सभागृहाने छप्पर डोक्यावर घेतले.

मतदानात रेवतीची बाजू थोडक्यात हरली. पारावरच्यांनी तिला तरीही खांद्यावर उचलले, आणि उचलणाऱ्यांत टाकीवालेही होते.

सभागृह रिकामे झाल्यावर तिने आचार्यांना विचारले, "सर, त्याने घंटा खाली ठेवलीच नसती तर?"

"तर सभा बुडाली असती, ही भीती मलाही होती," आचार्य म्हणाले. "पण बाळ, आपल्या शास्त्रांत समोरच्याचे म्हणणे आधी मांडायची चाल जुनी आहे. त्यालाच पूर्वपक्ष म्हणतात. त्यात एक सोय मात्र फार वाईट आहे. पूर्वपक्ष आपणच लिहायचा आणि आपणच पाडायचा. ज्याचे म्हणणे, तो तिथे नसतोच. तुम्ही दोघेही वर्षभर अशा गैरहजर माणसांशीच भांडत होता. मी फक्त त्याला हजर केले. पुढचे त्याला विचारण्याचे काम तुझे होते, आणि ते तू केलेस."

रेवती पायरीवर बसून राहिली. बंदराबद्दलचे तिचे मत कालच्याइतकेच पक्के होते. पण ते ज्याला पटवायचे आहे, तो माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिला होता.