लोखंडाचा आवाज

"योताम लोहाराला दारातूनच कुणी परतवलं?" रब्बी मत्तननी विचारलं.

"मी," त्यांचा शिष्य इथामार ताठ मानेनं म्हणाला.

गालीलातल्या लहानशा ज्यू गावाचं प्रार्थनागृह, गुरुवारची सकाळ, शास्त्रवाचनाचा वार. वाचायची पाळी योतामची होती. आणि वाचन झालं की हे म्हातारे धर्मगुरू सगळ्यांसमोर इथामारच्या डोक्यावर हात ठेवणार होते. म्हणजे उद्यापासून धर्माचा निवाडा द्यायला तो मोकळा. ह्या दिवसासाठी त्यानं बारा वर्षं रक्त आटवलं होतं. हुशार होता, वादच नाही. फक्त ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"आधार काय?"

इथामार खुलला. ह्याचीच तर तो वाट पाहत होता.

"वेदीच्या दगडांना लोखंड लागू नये, हे एक वचन. मंदिर बांधताना लोखंडाचा आवाज ऐकू आला नाही, हे दुसरं. दोन्हींकडे शब्द एकच! म्हणून एकीकडचा नियम दुसरीकडे. मंदिर तर पडलं, आता शास्त्राची गुंडाळी हेच आपलं मंदिर. ज्याचा जन्म लोखंडात गेला त्यानं तिला हात लावू नये."

"वा! ही जोडणी कुणाकडून ऐकलीस?"

"माझी मीच केली."

मंडळींत चुळबुळ झाली. असा शब्दाला शब्द जोडायचा तो गुरूकडून ऐकला असेल तरच, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. इथामारचे कान तापले.

"असू दे," रब्बी म्हणाले. "मंदिराचे दगड घडवले कुठे?"

"खाणीत."

"कशानं?"

इथामारनं अंगरखा सारखा केला.

"कशानं रे?"

"लोखंडाच्या छिन्नीनं."

"आणि छिन्नी?"

"लोहारानं केली असणार..."

रब्बी काठी टेकत उठले. इथामारनं डोकं वाकवलं. अजून आशा होती बिचाऱ्याला!

हात काही डोक्यावर आला नाही. रब्बी त्याच्या बाजूनं पुढे गेले, थेट दाराशी. योताम उंबऱ्यापलीकडेच उभा होता, काळे हात पाठीमागे लपवून.

रब्बींनी त्यातला एक हात धरला आणि त्याला आत घेतलं.

"आवाज ऐकू आला नाही, असंच ना वचन?"

"हो, रब्बी," इथामार म्हणाला.

रब्बींनी कानामागे तळहात धरला. बराच वेळ ऐकत राहिले...

"योताम तर तोंडातून अक्षर काढत नाही. घण त्याचा घरी आहे. मग इथामार, सकाळपासून इथे ही लोखंडाची ठणठण कुणाची?"