बर्फातली रानसफरचंदे

पूर्वी हिमवंताच्या कुशीत सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या अरण्यात वानरांचा नायक होऊन जन्मले. त्या अरण्यात रानसफरचंदाची झाडे होती. फळ बोराएवढे, आणि आंबट असे की एक खाल्ले तर दिवसभर दात शिवशिवावेत! पण कडाक्याची थंडी पडली की तेच फळ मऊ आणि गोड होई, आणि सारे रान बर्फाखाली गेले तरी फांदीला लटकून राही. म्हणून बोधिसत्त्वांनी निश्चय केला होता, "बर्फाआधी या झाडांना कोणी हात लावायचा नाही, आणि बर्फात आलेला कोणी इथून उपाशी जायचा नाही."

यातल्या पहिल्या अर्ध्यावर तरुण पिंगलकाने सबंध शरद ऋतू कुरकुर केली. "इथे पोटात कावळे ओरडताहेत, आणि नायक थंडीची वाट बघायला सांगतात!" बोधिसत्त्व झाडाखालून हलले नाहीत.

मग बर्फ पडले. टोळी पहिले गोड फळ तोंडात घालते न घालते तोच पलीकडच्या डोंगरावरची टोळी येऊन उभी राहिली. त्यांनी आपली झाडे कच्ची असतानाच ओरबाडून टाकली होती. पुढे एक म्हातारी होती. तिच्या पोटाला चिकटलेल्या नातवात रडण्याचेही त्राण नव्हते.

"आमचं चुकलं, बाबा," ती म्हणाली. "पण या लेकराचं काय चुकलं?"

पिंगलक फांदी अडवून बसला. "आम्ही पोट मारून राखलं ते यांच्यासाठी? सगळ्यांना नाही पुरायचं, नायक."

ते खरेच होते. बोधिसत्त्वांनी आपल्या टोळीच्या पोरांकडे पाहिले. पण निश्चय अर्धा पाळायचा नसतो. रिवाजाप्रमाणे सर्वांत मोठे झाड नायकाचे असे. त्यांनी त्याच्या बुंध्यावर हात ठेवला.

"हे माझं झाड. आजपासून यांचं. तुमच्या झाडांना कोणी हात लावणार नाही."

"आणि तुम्ही काय खाणार?"

"झाडाची साल."

हिवाळाभर ते साल चावत राहिले. हाडे वर आली, पण त्या झाडाचे एक फळ त्यांनी तोंडात घातले नाही. वसंत आला तेव्हा दोन्ही टोळ्या जिवंत होत्या, आणि नायकाला आधार देऊन उन्हात आणत होता तो पिंगलकच.

विहारात जमलेल्या भिक्षूंना एवढे सांगून भगवंतांनी भिक्षू सुनंदाकडे पाहिले. उशिरा आलेल्या भिक्षूंना पेज पुरणार नाही म्हणून तो सकाळपासून मडक्यावर झाकण दाबून बसला होता. त्याने मान खाली घातली. "भन्ते, तो पिंगलक मीच ना?"

"नाही. पिंगलक म्हणजे स्वतःची पेज उशिरा आलेल्यांना देऊन आलेला हा उत्तर नावाचा भिक्षू. नायक मी होतो. आणि सुनंदा, म्हातारीच्या पोटाशी होतास तो तू."

सुनंदाने झाकण बाजूला ठेवले आणि पळी हातात घेतली. केलेला निश्चय शेवटपर्यंत पाळणे, हीच अधिष्ठान पारमिता.