अण्णांच्या गाडीतला वास

फार जुनी नाही, पण गाडीतल्या वस्तू एकमेकींशी बोलत तेव्हाची गोष्ट. रणपिसे अण्णांनी एसी लावला की गाडीत ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास सुटे. म्हणून त्यांनी अत्तराची बाटली आणून ठेवली. बाटली मोठ्या तोऱ्यात आली, पण अर्धी रिकामी झाली तरी वास हटेना.

"कोण आहे रे तो घाणेरडा?" ती खेकसली.

"मी, एसीचा फिल्टर," जाळीमागून खोकत उत्तर आलं. "गाडी आल्यापासून मला कुणी बदललंच नाही, बाई. तू संपशील, वास नाही संपायचा."

तेवढ्यात अण्णा आले. नाक मुरडून म्हणाले, "नक्की कुणाची तरी नजर लागलीय!" आणि शनिवार नसतानाही त्यांनी बंपरला नवी लिंबू-मिरची बांधली.

बाटलीने सुस्कारा सोडला. "फिल्टरभाऊ, तुम्ही लिंबूच व्हायला हवं होतंत."